फळीवरची छोटी लाईन

आमच्या घरात कोणतीही गोष्ट एकदा बोलून भागत नसे. माय चुलीपासून म्हणायची, "मीठ," आणि बाबा ताटावरून म्हणायचे, "मीठ." मग मिठाची वाटी पुढे सरकायची. "पाणी आलं," "पाणी आलं." "इंदीले ताप हाये," "ताप हाये." इंदी म्हणजे मी. पाहुणे हसायचे. माझी आत्या तर तोंडावर पदर घेऊन विचारायची, "अवो, तुमच्या घरी पोपट पाळले का?" आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. बाबा रेल्वेचे ड्रायव्हर होते आणि इंजिनावर बोलायची रीतच ती होती. फायरमननं समोर पाहून सिग्नल ओरडून सांगायचा, ड्रायव्हरनं तोच शब्द परत ओरडायचा, मग गाडी पुढे न्यायची. "आउटर हिरवा!" "हिरवा!" एकाची पाहण्यात चूक झाली तर दुसरा आहे, म्हणून दोनदा. बाबांनी ही सवय डब्याबरोबर घरी आणली आणि ती आम्हा सगळ्यांच्या जिभेला चिकटली. मी आजही भाजीवाल्याचा शब्द परत म्हणून घेते. तो समजतो, म्हातारीला ऐकू येत नाही. समजू दे मेल्याला.

आम्ही नागभीडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. लाईन तेव्हा छोटी होती, म्हणजे रूळ जवळजवळ, डबे बुटके, आणि इंजिनं कोळशाची. क्वार्टरच्या मागे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे रूळ, रुळापलीकडे मोह आणि सागाचं रान. गाडी यायच्या आधी फडताळातली जर्मनची ताटं किणकिणायची, आणि माय त्या किणकिणीवर भात उतरवायची. बाबांची शिट्टी आम्ही ओळखत असू. एक लांब, मग एक तुटकी, जसा काही बोलता बोलता ठसका लागला. ती ऐकू आली की माय "आले" म्हणायची आणि परत म्हणायला घरात कोणी नसलं तर मी म्हणायची. आता तिथं मोठी लाईन झाली आहे, तारांवर गाड्या धावतात, आणि इकडे गडचिरोलीतही रेल्वे येणार येणार म्हणून आम्ही म्हातारे झालो. अधूनमधून एखादा हौशी पोरगा मोबाईल घेऊन माझ्याकडे येतो. "आजी, तुमच्या बाबांनी डिझेल नाकारलं होतं म्हणे? वाफेच्या इंजिनावर एवढं प्रेम होतं?" मी त्याला चहा पाजते आणि वाटेला लावते. डोंबलाचं प्रेम! पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. इथं सांगते.

मागच्या व्हरांड्यात दोन घडवंच्यांवर एक भलीमोठी फळी टाकलेली होती, आणि फळीवर आमची स्वतःची लाईन होती. खोक्यांना बांधतात त्या लोखंडी पट्ट्या उभ्या रोवून बाबांनी रूळ केले होते. एका टोकाचं स्टेशन स्वयंपाकघराकडे, ते चूलगाव. दुसरं न्हाणीघाट. मधे एकच लाईन आणि चूलगावला एका गाडीनं बाजूला उभं राहायची सोय. बाबांचं इंजिन खरं होतं, म्हणजे खऱ्या वाफेवर चालणारं. जुन्या स्टोव्हची पितळी टाकी हा त्याचा बॉयलर, स्टोव्हच्याच पंपाचा दट्ट्या, आणि खाली स्पिरिटचा दिवा. तापायला वेळ घ्यायचं, गरम पाणी थुंकायचं, आणि एकदा निघालं की आवरायचं नाही. मायला ती फळी बघवत नसे. "एक दिवस घराले आग लावन हे," असं ती रोज म्हणायची, आणि बाबा हसून म्हणायचे, "आग लावन." लाखोळीच्या डाळीचे वडे तळून ती व्हरांड्यात आणायची तेव्हासुद्धा फळीकडे पाठ करून उभी राहायची.

दुसरं इंजिन नामदेवकाकांनी आणलं. नामदेवकाका हे बाबांचे फायरमन. किती वर्षांचे, ते मला सांगता येणार नाही. मला कळायला लागल्यापासून ते होतेच. बाबांना ते उस्ताद म्हणत, मायला वैनी, आणि मला "स्टेशन मास्तरीण." छोट्या लाईनीवर डिझेल यायला लागलं तशी नामदेवकाकांनी बिस्किटाच्या डब्याचं एक डिझेल इंजिन केलं. आत बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर, टॉर्चचे सेल, वरून रंग. कळ दाबली की घर्र करून पळायचं, सोडली की जागच्या जागी उभं. ते हातात घेऊन बाबांनी उलटंसुलटं पाहिलं. "कोणता रंग देल्ला बे?" त्यांनी विचारलं. "लाल, उस्ताद." "लाल," बाबा म्हणाले, "मस्त लाल हाये." मी शेजारीच होते. हातात धरलेल्या वस्तूचा रंग माणूस कशाला विचारतो, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

दोन्ही गाड्या एका लाईनीवर चालवणं म्हणजे कसरत होती. वाफेवालीला थांबायला वेळ लागतो म्हणून डिझेलनं चूलगावला बाजूला होऊन तिला वाट द्यायची. सिग्नल माझ्या हातात. सुरुवातीला पुठ्ठ्याचे हात होते, खऱ्या लाईनीवर असतात तसे. हात आडवा म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे चला. ते हात बाबांना बरोबर दिसत आणि ते कधी चुकत नसत. पण मला हौस भारी. रात्रीची लाईन पाहिजे म्हणून मी हट्ट धरला, आणि पुठ्ठ्याच्या जागी टॉर्चचे बल्ब लावले, एकावर लाल जिलेटिन, एकावर हिरवं. व्हरांड्याचं दार आणि खिडकी लावून घेतली की भरदुपारीही अंधार व्हायचा आणि बल्ब असे काही दिसायचे! बाबा एवढंच म्हणाले, "आता तू आवाज दे, मंग मी चालवतो. डिवटीवर तसंच असते." मला वाटलं, मला मान दिला. मी छाती फुगवून ओरडायची, "चूलगाव हिरवा!" आणि बाबा, "हिरवा!"

आता वाघाची गोष्ट. नामदेवकाका एकदा तापानं पडले आणि बाबांसोबत रात्रीच्या गाडीवर बदली फायरमन गेला. ती गाडी सिंदेवाहीच्या अलीकडे आउटरच्या सिग्नलपाशी उभी राहिली ती राहिलीच. लोक खाली उतरले, गार्ड कंदील घेऊन पुढे आला. बदली फायरमन भट्टीत कोळसा टाकण्यात गुंतला होता, त्याला काही ठाऊक नाही. बाबांनी सांगितलं, रुळावर वाघ बसला आहे. लोक पटापट डब्यात चढले. बऱ्याच वेळानं फायरमननं वर पाहून सिग्नल सांगितला, बाबांनी परत म्हटला, आणि गाडी निघाली. झालं! गावभर बाबांचा वाघ फिरला. मी शाळेत तो इतका रंगवला की वाघानं इंजिनाला पंजा मारल्याचंही सांगून टाकलं. बाजारात लोक बाबांना थांबवून विचारायचे, "किती मोठा होता?" बाबा हातानं दाखवायचे. घरी मात्र त्यांनी वाघाचं नाव काढलं नाही. मायनंही विचारलं नाही, आणि माय तर शेजारच्या कोंबडीनं अंडं कुठं घातलं तेही खोदून विचारणारी बाई.

त्याच दिवसांत एका बाजारात बाबा भेदरं घेऊन आले. आमच्याकडे टमाट्याला भेदरं म्हणतात. पिशवी ओतली तर सगळी हिरवी, दगडासारखी. मी पोट धरून हसले. "बाबा, हे काय आणलं? एक तरी लाल पाहाव का नाई!" बाबाही हसले, पण उशिरा. माय हसली नाही. तिनं एकेक भेदर उचलून पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "चटणी होते हिरव्याची. बरी लागते." आठवडाभर आम्ही हिरव्या भेदरांची चटणी खाल्ली. त्या आठवड्यात ती रात्रीच्या ड्युटीला बाबा निघाले की दारात उभी राहायला लागली. आधी असं कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. फडताळातली ताटं किणकिणायची थांबली तरी ती तिथंच असायची.

मग डिझेलच्या ट्रेनिंगला माणसं निवडायला लागले. बाबांचा नंबर वरचा होता. बाबांनी नकार दिला. "मले त्या डब्यात बसून बटनं नाई दाबता येत," असं ते चारचौघांत म्हणाले आणि लोकांनी वा वा केली. ट्रेनिंगच्या आधी डोळे तपासतात, हे चारचौघांतल्या कोणाच्याही ध्यानात आलं नाही. नामदेवकाकांचं नाव मात्र लागलं. उद्या त्यांना जायचं, आणि आज रात्रीच्या पॅसेंजरवर बाबांसोबत गोंदियाकडून आलेला नवा फायरमन, अशी वेळ आली. त्या दुपारी काका शेवटचं खेळायला आले. खेळायला म्हणजे काय, मोठी दोन माणसं ती, मिशीवाली. पण आमच्यात तसंच म्हणायची पद्धत होती.

दार लावलं, खिडकी लावली. अंधारात स्पिरिटचा निळा जाळ तेवढा हलत होता. मायनं दाराच्या फटीतून वड्यांची ताटली आत सरकवली. वाफेवाली न्हाणीघाटला फुसफुसत उभी, काकांचं डिझेल चूलगावहून मधल्या लाईनीवर निघालेलं. मी न्हाणीघाटचा लाल लावला आणि एक अख्खा गरम वडा तोंडात कोंबला. जीभ पोळली. ओरडायला तोंडच रिकामं नव्हतं. बाबा वाट पाहत होते. आवाज येईना. ते जरा पुढे वाकले, बल्बाच्या अगदी जवळ तोंड नेलं, आणि त्यांच्या गालावर, मिशीवर लाल उजेड पडलेला मला स्वच्छ दिसला. तसेच वाकलेले असताना ते मोठ्यानं म्हणाले, "हिरवा!" आणि त्यांनी खटका ओढला.

काकांनी कळ सोडली, पण वाफेवाली कुठं थांबते! ती जाऊन डिझेलवर आदळली, कलंडली, दिवा उलटला आणि जळतं स्पिरिट फळीवर पसरलं. न्हाणीघाट पेटलं. बल्बावरचं जिलेटिन आक्रसून काळं झालं. काकांनी माठाखालचं ओलं पोतं ओढून फळीवर टाकलं, मायनं दार ढकललं, आणि एकदम उजेड आत आला. सगळीकडे धूर आणि जळक्या रंगाचा वास. मी वडा थुंकून भांडायलाच उठले. "बाबा, लाल होता! टकटकीत लाल होता!"

"तुहा बल्ब खराब हाये," बाबा म्हणाले.

"बल्ब नाई खराब!" मला संताप आला होता, माझं स्टेशन जळलं होतं. जिलेटिनचे उरलेले दोन तुकडे माझ्या फ्रॉकच्या खिशात होते. ते मी दोन हातांत धरले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नाचवले. "हे कोणतं? अन् हे कोणतं? सांगा!"

"इंदे," माय दारातून म्हणाली. एवढंच. पण तिच्या आवाजानं माझे हात तिथंच थांबले. बाबा त्या तुकड्यांकडे पाहत होते. मग त्यांनी नामदेवकाकांकडे पाहिलं. काकांनी तोंड उघडलं, सवयीनंच, आणि बाबांनी हात वर केला. "नको सांगू, नामदेवा." परत ते तुकड्यांकडे पाहत राहिले. बाहेर कुठंतरी शेळी ओरडत होती. "दोनी सारखेच हायेत," ते म्हणाले. "मळकट पिवळे."

मला भीती वाटली. कोणाची ते नाही सांगता येत. ज्या माणसाची गाडी आली की आमच्या घरात भात उतरत होता, तो माणूस माझ्यासमोर बसला होता आणि त्याला माझ्या हातातलं दिसत नव्हतं. मायनं विचारलं, "त्या दिवशी वाघ नव्हता ना वो?"

"वाघ नव्हता," बाबा म्हणाले.

नामदेवकाका फळीच्या कडेला टेकले आणि रडायलाच लागले. त्यांना ठाऊक होतं. ते आधी ओरडत होते, म्हणून गाडी चालत होती. "उस्ताद, मी नाई जात ट्रेनिंगले," ते म्हणाले. "मी इथीच राह्यतो. तुमच्या संगं."

"अन् मले ताप आला तं? का तुले आला तं?" बाबा चिडले. "तू जाशीन. माह्यासाठी कोणी थांबाचं नाई. मले दिवसा हात दिसते सिग्नलचा. रातचं काय, वळण न् वळण माईत हाये. कुठी लाल भेटते, कुठी हिरवा भेटते, पाठ हाये मले."

"पाठ?" माय म्हणाली. "सिग्नल का पाढे हायेत?"

काका तोंड पुसून गेले. बाबांनी जळकी फळी भिंतीला उभी केली, पितळी टाकी पुसून खिडकीत ठेवली आणि आंघोळीला गेले. मायनं भात लावला. तिनं नेहमीसारखाच डबा भरला, भात, वरण, झिंग्यांची चटणी, आणि कोपऱ्यात कांदा. बाबांनी ड्युटीचे कपडे घातले, गळ्याला रुमाल बांधला, पेटी दाराशी आणून ठेवली. मी प्रत्येक गोष्ट पाहत होते. ते जाणार होते. खरंच जाणार होते. त्या गाडीत बाजाराहून परतणाऱ्या बाया असतील, लेकरं असतील, असा विचार माझ्या मनात आला असं लिहिलं तर ते छान दिसेल, पण ते खोटं आहे. मी फक्त बाबांचा विचार करत होते. त्यांच्या तोंडावर पडलेला तो लाल उजेड आणि त्यांचं ते ठणठणीत "हिरवा." देवापाशी मी जाऊन उभी राहिले आणि काय मागावं तेच सुचेना. बाबांचे डोळे मागावे, का पाऊस मागावा, का इंजिनच बिघडू दे म्हणावं?

दिवेलागणीला कॉलमन आला. ड्रायव्हरला ड्युटीला बोलवायला येतो तो माणूस. सायकल कुंपणाला टेकवून त्यानं रोजच्या सुरात हाळी दिली, "उस्ताद! रातची पॅसेंजर, चांदा फोर्ट!" इथं बाबांनी परत म्हणायचं असतं. म्हटलं की कॉलमन निघून जातो, आणि मग ड्रायव्हरची ड्युटी पक्की. बाबा पायरीवर उभे होते. कॉलमन हसून म्हणाला, "अन् वाघ दिसला तं आमाले बी दाखवजा बरं!"

बाबांचं तोंड उघडलं. शब्द आला नाही. कॉलमननं जरा थांबून परत हाळी दिली, "रातची पॅसेंजर, उस्ताद!" रुळापलीकडचं रान पार काळं झालं होतं. स्टेशनाच्या बाजूला सिग्नलचा दिवा लागला होता, मला तो लाल दिसत होता, आणि बाबा त्याच्याकडेच पाहत होते. पाहत होते आणि डोळे बारीक करत होते.

माय हात पुसत बाहेर आली. ती बाबांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, अगदी खेटून, इंजिनावर फायरमन उभा राहतो तशी, समोर पाहत. त्यांच्याकडे तिनं मान वळवली नाही.

"लाल," ती म्हणाली.

"काय म्हणून राह्यल्या वैनी?" कॉलमनला काही कळेना.

"लाल हाये," माय परत म्हणाली, जरा मोठ्यानं.

बाबांनी पायरीचा खांब धरला. मी दाराआड होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा बाबा, म्हणा, म्हणा.

"लाल," बाबा म्हणाले.

मग त्यांनी कॉलमनला सांगितलं, "मले सिकमधी लिव. दुसरा ड्रायव्हर पाहा आजच्याले. उद्या डोळे दाखवाले जातो." कॉलमन सायकल घेऊन इंजिनांच्या शेडकडे गेला. बाबा परत कधी इंजिनावर चढले नाहीत. पुढे शेडमध्ये सामान सांभाळायचं काम मिळालं, आणि लोकांच्या तोंडी वाफेवरच्या प्रेमाची ती कहाणी राहिली. बाबांनी ती खोडली नाही, आणि मीही आजपर्यंत खोडली नाही.

त्या रात्री भरलेला डबा मायनं घरातच उघडला. आम्ही तिघं जेवायला बसलो. ताटं किणकिणली, गाडी गेली, आणि शिट्टी वाजली ती दुसऱ्याच हाताची, एक सरळ लांब, मधे न तुटलेली. बाबांनी घास खाली ठेवला नाही. चावत राहिले. माय म्हणाली, "मीठ." मी बाबांकडे पाहिलं. ते काहीच बोलले नाहीत, जसं ऐकलंच नाही. वाटी त्यांच्या ताटापाशी होती आणि माय हात पुढे करून थांबली होती.

मग मीच म्हटलं, "मीठ," आणि वाटी तिच्याकडे सरकवली.